सायकल-शंका : दहा लाखांची सायकल आणि टायरमधली हवा

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे, महागड्या रेसिंग सायकली. कुणी नुकती घेतली आहे, कुणी घ्यायच्या बेतात आहे, कुणाची घेऊन झाल्यावर कुरकुर सुरू झाली आहे (सायकलची, घरच्यांची नव्हे). पत्रं थोडी आटोपशीर करून घेतली आहेत.

माझी सध्याची रोडबाईक अ‍ॅल्युमिनियमची, साडेनऊ किलोची. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर होतात. परवा दुकानात सात किलोची कार्बन रेसिंग सायकल वीस मिनिटं चालवायला मिळाली. पॅडलवर पाय पडला की पळते! हा फरक खरा, की किंमत ऐकल्यामुळे तसं वाटलं? — एक वाचक, पुणे

फरक खरा आहे, पण सगळा फ्रेमचा नाही.

आधी वजन. अडीच किलो कमी म्हणजे सिंहगडासारख्या साधारण सहाशे मीटर चढाईत किती वाचतात? २०० वॉटने चढणाऱ्याचा सव्वा मिनिट. अख्ख्या चढाला त्याला चाळीसेक मिनिटं लागतात. शर्यतीत सव्वा मिनिट म्हणजे पुष्कळच, पण रविवारी पिठलं-भाकरी खायला वर जाणाऱ्याला त्याचं फारसं काही नाही. सपाटीवर एका वेगाने चालवताना तर वजनाचा परिणाम जवळजवळ शून्य. तिथे लढाई वाऱ्याशी असते. ताशी तिशीच्या पुढे तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या अडथळ्यातला पाऊण वाटा सायकलचा नसून तुमच्या अंगाचा असतो.

मग ‘पळते’ म्हणजे काय? पहिल्या पाच मीटरमध्ये जे जाणवतं ते तीन गोष्टींतून येतं. क्रँकजवळची (पॅडलच्या दांड्यांजवळची) फ्रेम आणि चाकं ताठ असतात, त्यामुळे उभं राहून जोर लावल्यावर लवचीकपणा जाणवत नाही. हँडल खाली आणि लांब असतं, त्यामुळे अंग आपोआप वाकतं. आणि तिसरं, ज्याकडे कुणी पाहत नाही, ते म्हणजे टायर. दुकानातल्या त्या सायकलला मऊ, पातळ धाग्यांचे रेसिंग टायर असतात. तुमच्या सायकलला बहुधा जाड, तार-कडेचे सरावाचे टायर असतील. ताशी तिशीच्या आसपास या दोन जोड्यांमध्ये दहा-पंधरा वॉटचा फरक सहज पडतो. चांगल्या टायरच्या जोडीला दहा-पंधरा हजार लागतात. आधी ती तुमच्या सध्याच्या सायकलवर चढवा आणि मग पुन्हा दुकानात जा. तुलना तेव्हा खरी होईल.

दुसऱ्यांदा जाताना स्वतःचे पॅडल, बूट आणि मोजपट्टी न्या. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतची उंची घरच्या सायकलवर मोजा आणि तेवढीच लावायला सांगा. पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी मांड्यांना कळतं. दोन्ही टायरमधली हवा स्वतः मोजा. दुकानात ती खूपदा शंभर पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) वर भरलेली असते. मग निदान पंधरा किलोमीटर चालवा आणि त्यात थोडा खडबडीत रस्ता, एक चढ, वळणाचा एक उतार येऊ द्या.

हँडलकडे विशेष लक्ष द्या. रेसिंग सायकलची दोन चाकं एकमेकांपासून ९८-९९ सेंटिमीटरवर असतात, आणि पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा कोन उभा असतो. त्यामुळे ती हाताच्या इशाऱ्यावर वळते. एका हाताने बाटली काढताना ती बाजूला सरकली तर दचकू नका, तिचा स्वभावच तो आहे. आठवडाभरात हँडल ढकलण्याऐवजी कंबरेने वळवायची सवय लागते, आणि मग उतारावर ती रुळावरून गेल्यासारखी जाते. पण रोजचा रस्ता रिक्षा, खड्डे आणि अचानक आडवे येणारे कुत्रे यांचा असेल, तर हीच चपळाई थकवते. त्यांनी थोड्या लांब बांध्याची ‘एन्ड्युरन्स’ सायकल पाहावी. तीत कमीपणा काही नाही.

वजन ७८ किलो. नवी कार्बन सायकल, २८ मिलिमीटरचे टायर, आत ट्यूब. ११० पीएसआय हवा भरतो. साठ किलोमीटरनंतर हाताची बोटं बधिर होतात. कार्बनने धक्के जिरतात असं ऐकलं होतं. — एक वाचक, नाशिक

११० हा आकडा २३ मिलिमीटरच्या टायरच्या जमान्यातला आहे. तुमचा टायर आत्ता दगड झाला आहे.

कडक टायर जास्त पळतो हे टायर तपासायच्या गुळगुळीत लोखंडी ड्रमवर खरं आहे. डांबरी रस्त्यावर टायर दबला नाही तर प्रत्येक खडीवर तुम्ही आणि सायकल मिळून वर उचलले जाता. ती ताकद पुढे जाण्यात लागत नाही, मनगटात आणि कंबरेत जिरते. बधिर झालेली बोटं हा त्याचाच हिशेब. कार्बन फ्रेम जो धक्का जिरवते तो टायरच्या मानाने फारच थोडा.

तुमच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये पुढे ७० आणि मागे ७५ पासून सुरुवात करा. मग नेहमीच्याच एका रस्त्यावर, दर खेपेला दोन्हीकडे तीन-तीन कमी करत जा. खालची मर्यादा सायकलच सांगते. वळणावर पुढचं चाक किंचित डुलल्यासारखं वाटलं, किंवा स्पीडब्रेकरवर रिमचा ‘ठक्’ आवाज आला, की तीन-चार वाढवा आणि तो आकडा लिहून ठेवा. पंपावरचा काटा अचूक नसला तरी चालेल, पण पंप बदलू नका.

टायरवर २८ छापलं आहे म्हणून तो २८ असेलच असं नाही. रुंद रिमवर तोच टायर ३० भरतो. हवा भरून व्हर्निअर कॅलिपरने मोजा. दोन मिलिमीटर जास्त निघाले तर हवा आणखी सात-आठने कमी करता येते. आणि उन्हाचा हिशेब धरा. सकाळी २० अंशांत ७० भरलेली हवा, टायर ४५ अंशांवर तापला की ७७ च्या आसपास जाते. मार्च ते मेमध्ये पहाटे निघून दुपारी परतणाऱ्यांनी सकाळी थोडी कमीच भरावी.

रिम हूकलेस आहे का, हेही लगेच तपासा. टायरची कड अडकवायला आत ओठ नसलेल्या रिमला हूकलेस म्हणतात. अशा रिमवर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही वरची हद्द आहे. ती ओलांडली तर टायर निसटू शकतो. टायरही हूकलेससाठी चालतो असं उत्पादकाने लिहिलेलाच हवा. तसं असेल तर वरचं ७५ तुम्हाला लागू नाही आणि ११० तर मुळीच नाही.

ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले टायर) करणार असाल तर पाच पीएसआय आणखी उतरवता येतात. एका टायरला ३० ते ४० मिलिलिटर सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) पुरतं. मात्र आपल्या उन्हात ते लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून ओलं आहे का पाहा. बाभळीच्या काट्याचं भोक ते लगेच बुजवतं. काचेचा तीन-चार मिलिमीटरचा काप ७० एवढा दाब असताना बुजत नाही. सीलंट फवारत राहतं आणि हवा चाळीस-पन्नासवर आली की कधीतरी थांबतं. म्हणून खिशात रबरी प्लग आणि एक टीपीयूची (पातळ प्लॅस्टिकची) ट्यूब हवीच. ही ट्यूब तीस-चाळीस ग्रॅमची असते आणि मुठीत मावते.

सायकलला पुढे ५२/३६ आणि मागे ११-३० दाते आहेत. यवतेश्वर, पसरणी चढताना शेवटी गुडघे दुखतात. विक्रेता म्हणतो, ताकद वाढवा. — एक वाचक, सातारा

ताकद जरूर वाढवा, पण दाते आज बदला.

तुमचा सर्वांत हलका गिअर ३६ ला ३०. क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. घाटात वेग ताशी आठवर आला की मिनिटाला जेमतेम ५३ फेरे होतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर रेटा. मागे ११-३४ लावली की त्याच वेगाला ६० फेरे होतात. पुढेही ५०/३४ केलं तर ६३. ऐकायला दहा फेरे थोडे वाटतात. तासभराच्या चढात ते सहाशे होतात आणि प्रत्येकातला जोर कमी झालेला असतो.

बदल असा करा. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात्यांपर्यंत चालतो का ते आधी पाहा. शिमानोच्या सध्याच्या बारा गिअरच्या रोड संचांत तो चालतो. कॅसेटची (मागच्या चकत्यांच्या संचाची) लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळायची असते. हाताच्या अंदाजाने हे होत नाही. चार दाते वाढल्यामुळे जुनी चेन साधारण दोन कड्यांनी आखूड पडते. पुढे मोठी आणि मागे मोठी चकती लावून डिरेलर ताणून सरळ होत असेल, तर आखूड चेन वापरू नका. एखाद्या दिवशी चुकून तो गिअर पडेल आणि डिरेलर मोडेल. शेवटी बी-स्क्रू फिरवून वरची छोटी चाकी मोठ्या दात्यांपासून थोडी लांब करा, नाहीतर घाटात खरखर ऐकू येईल.

५२ तशीच ठेवून आत फक्त ३४ लावण्याचा मोह होतो. नको. पुढचा डिरेलर १६ दात्यांच्या फरकासाठी बनवलेला असतो, १८ च्या फरकाला चेन आत पडते आणि कार्बनला ओरखडे पाडते. बदलायच्या तर दोन्ही चकत्या बदला.

मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ व्हायला निघालेल्यांनी ५२/३६ खुशाल ठेवावं. बाकीच्यांना ३४ ला ३४ ची लाज कसली?

पावसाळ्यानंतर सायकल प्रत्येक पॅडलला कुरकुरते. दोन दुकानांत बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यात फिरतो ते बेअरिंग) बदलून झाला. आवाज तसाच. केबल हँडलच्या आतून गेलेल्या आहेत. — एक वाचक, रत्नागिरी

कार्बनची फ्रेम पोकळ ढोल असते. आवाज एकीकडे होतो आणि ऐकू दुसरीकडूनच येतो. म्हणून सगळे आधी बॉटम ब्रॅकेटवर घाव घालतात. आधी आवाजाची जात ओळखा.

सीटवरून उठून पॅडल मारा. आवाज थांबला तर दोष सीटच्या रुळांत नाहीतर सीटपोस्टमध्ये आहे. सायकल उतारावर सोडून, पॅडल न मारता, हँडल दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे दाबा. आवाज आला तर स्टेम (हँडल धरणारा भाग) किंवा हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं). फक्त जोर लावून पॅडल मारतानाच येत असेल, तर उजवं-डावं पॅडल, चेनरिंगचे बोल्ट, मागचा अ‍ॅक्सल आणि डिरेलर हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा) या क्रमाने जा. बॉटम ब्रॅकेट सर्वांत शेवटी.

प्रत्येक ठिकाणी काम एकच. उघडा, पुसा, योग्य ते लावा, मोजून आवळा. पॅडलच्या आट्यांना आणि अ‍ॅक्सलला ग्रीस. कार्बन सीटपोस्टला ग्रीस लावायचं नाही. तिथे कार्बन पेस्ट लागते. तिच्यात बारीक रवाळ कण असतात, ते पकड देतात आणि त्यामुळे कमी आवळून भागतं. सीटपोस्ट आणि स्टेमचे बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतात. आकडा भागावरच छापलेला असतो, तोच पाळा. आवाज जाईना म्हणून ‘अजून थोडं’ आवळणं हे कार्बन तडकण्याचं सर्वांत घरगुती कारण आहे.

कोकणातल्या पावसाचं आणि आतून गेलेल्या केबलचं मात्र जमत नाही. पाणी आणि घाम हँडलखालून सरळ हेडसेटच्या वरच्या बेअरिंगवर उतरतो. पुढचं चाक उचलून हँडल हलकेच सोडून पाहा. ते मध्यभागी खाचेत बसल्यासारखं अडत असेल तर बेअरिंग गंजलं आहे. बेअरिंग स्वस्त असतं. मजुरी महाग पडते, कारण बऱ्याच सायकलींत ते काढायला ब्रेकचे पाइप सोडावे लागतात आणि मग तेल भरून हवा काढावी लागते. ते करताना वरचं-खालचं दोन्ही बेअरिंग बदला आणि भरपूर ग्रीस भरा. दरवर्षी पाऊस संपला की हे काम करायचंच, असं धरून चाला.

धुताना बादली, स्पंज आणि साबण. गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा पाण्याचा फवारा हबवर किंवा क्रँकवर मारला, तर पाणी सीलमधून आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. चेन वाळवून मगच तेल, तेही प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि वरचं पुसून टाका. चेन-मापकाने ०.५ टक्का ताण दाखवला की चेन बदला. पुढे ढकललं तर ती कॅसेट खाते, आणि वरच्या संचातल्या कॅसेटची किंमत तुम्हाला माहीतच आहे.

पुणे-गोवा डेक्कन क्लिफहँगर शर्यतीला इलेक्ट्रॉनिक गिअर भरवशाचे का? मध्येच बॅटरी संपली तर? — एक वाचक, नागपूर

अंतर साधारण ६४० किलोमीटर. शिमानोचे इलेक्ट्रॉनिक गिअर, डीआयटू, पूर्ण चार्ज केल्यावर हजारच्या आसपास किलोमीटर चालतात, तेव्हा आदल्या रात्री चार्ज करा आणि विसरा. घाटांच्या मार्गावर गिअर जास्त पडतात, म्हणून अर्ध्या चार्जवर निघू नका. बॅटरी उतरत आली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, मग काही काळाने मागचा. पुढचा बंद पडला की समजा, आता मागचा असेपर्यंत मधल्या गिअरवर आणून ठेवायचं. स्रॅमच्या वायरलेस संचात पुढच्या आणि मागच्या डिरेलरच्या बॅटऱ्या सारख्याच असतात; मागची संपली तर पुढची काढून मागे लावा. एक सुटी बॅटरी खिशात ठेवली तर तीही वेळ येत नाही. हँडलमधल्या शिफ्टरला मात्र सीआर २०३२ हे नाण्याएवढं सेल लागतं. वर्षानुवर्षं चालत असल्यामुळे ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

तीन लाखांचं बजेट आहे. जुनी, वरच्या श्रेणीची कार्बन सायकल घ्यावी की नवी मधल्या श्रेणीची? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नवी, मधल्या श्रेणीची. शिमानोच्या १०५ (मधल्या) आणि ड्युरा-एस (सर्वांत वरच्या) गिअर-संचांत वजनाचा आणि दाबतानाच्या गुळगुळीतपणाचा फरक आहे, गिअर पडण्यात फारसा नाही. शर्यतींसाठी यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० सालापासून सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरवून दिलं आहे. त्याच्या जवळ जाण्यासाठी शेवटच्या प्रत्येक शंभर ग्रॅमला जे पैसे पडतात, ते मोजले तर झोप लागणार नाही. वाचलेल्या पैशांतून मापं घेऊन सायकल अंगाला बसवून देणारा चांगला माणूस गाठा, उत्तम टायर घ्या, आणि २ ते २० न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना घ्या.

जुनीच घ्यायची असेल तर पुढचं उत्तर आधी वाचा.

उभी केलेली कार्बन सायकल दुभाजकाच्या कडेवर पडली. वरच्या नळीवर बोटभर रेघ आहे. चालवावी का? — एक वाचक, ठाणे

खात्री होईपर्यंत नाही. रेसिंग फ्रेमची वरची नळी मधोमध सर्वांत पातळ असते, अंगठ्याने दाबली तर काही फ्रेममध्ये ती किंचित दबतेही. ती पुढून-मागून येणारा जोर घेण्यासाठी केलेली असते, बाजूने बसलेला ठोसा तिला सोसत नाही.

रेघेवरून नख फिरवा. रंगाचा ओरखडा उथळ असतो आणि त्याच्या कडा गुळगुळीत लागतात. नख अडकत असेल, कडेने धागे टोचत असतील किंवा अंगठ्याने दाबल्यावर रेघ उघडझाप करत असेल, तर कार्बन तुटलं आहे. मग एक रुपयाचं नाणं घेऊन नळीवर टोकापासून रेघेपर्यंत हलके टक-टक करत या. चांगल्या कार्बनचा आवाज टणत्कार असतो. थर सुटलेल्या जागी तो एकदम बोदा होतो, भिजलेल्या पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. नळीची जाडी जिथे बदलते तिथेही आवाज थोडा बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूला त्याच जागी वाजवून ताडून पाहा.

आवाज सारखा असेल तर रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक खुणा करून तारीख लिहा आणि दर आठवड्याला पाहा. रेघ खुणेच्या पुढे सरकली की सायकल बाजूला. बोदा आवाज आला तर अल्ट्रासाउंडने तपासून कार्बन दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. वरच्या नळीची दुरुस्ती नीट होते. पण पडताना हँडल किंवा फोर्कला मार लागला असेल, तर तिथे दुरुस्तीचा विचारही करू नका. फोर्क काढून त्याची आतली दांडी स्टेमच्या खाली दिव्याच्या उजेडात पाहा, आणि हँडलचा टेप सोडून शिफ्टरच्या पकडीखालची जागाही पाहा. तडा तिथे लपतो.